सासूबाईंना आता फक्त मराठी कळतं, आणि मला मदत मागायची लाज वाटते

पत्र (ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात):

"मी ५३ वर्षांची, लंडनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते. सासरे गेल्यावर २००८ साली सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. आता त्या ८४ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. पूर्वी एकट्या दुकानात जाऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत भाजी आणायच्या, आता इंग्रजी अजिबात कळत नाही. रात्री दोन-तीनदा उठतात, 'कोल्हापूरची गाडी चुकेल' म्हणत दाराशी जाऊन उभ्या राहतात. कौन्सिलने (इथल्या नगरपालिकेने) सुचवलेल्या डे सेंटरला, म्हणजे वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्राला, पाठवून पाहिलं, तिथे हॅमचं सँडविच पुढे आलं आणि त्यांनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. आंघोळीसाठी एजन्सीने पुरुष पाठवला, त्या किंचाळायलाच लागल्या. फोन केला तर म्हणाले, तुमच्या समाजात घरचेच करतात ना? पुण्याहून नणंद सांगते, आईला परक्यांच्या हाती देऊ नका. मंडळातल्या बायका म्हणतात, भाग्यवान आहेस, सेवा घडतेय. मी सकाळी शाळेच्या किचनमध्ये काम करते, दुपारनंतर तशीही घरीच असते, मग कुठल्या तोंडाने मदत मागू? पण गेल्या आठवड्यात मी त्यांच्यावर हात उगारला. मारलं नाही. तेव्हापासून मला स्वतःचीच भीती वाटते."
एक सून

ताई,

शेवटच्या तीन वाक्यांपासून सुरुवात करते, कारण ती लिहायला तुम्हाला सगळ्यात जास्त बळ लागलं असणार.

हात उगारला जाणं ही साधी गोष्ट नाही, आणि तुम्हीही ती साधी म्हणून लिहिलेली नाही. रोज रात्री दोन-तीनदा उठणारी, सकाळी शाळेत पन्नास ताटं वाढणारी आणि संध्याकाळी न ऐकणाऱ्या माणसाला आंघोळ घालणारी बाई कधीतरी त्या टोकाला पोचते. तुम्ही वाईट सून आहात असा याचा अर्थ नाही. एका माणसाच्या अंगावर तीन माणसांचं काम पडलंय, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा तसा क्षण आला तर सासूबाई सुरक्षित बसल्या आहेत ना एवढं बघा, खोलीबाहेर या, आणि यजमानांना किंवा जवळच्या कुणाला तरी फोन लावा. आंघोळ त्या दिवशी राहिली तर राहू द्या. आणि हे तुमच्या जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, सांगा. "आईंना घेऊन जातील" या भीतीने आपल्याकडच्या बायका नेमकं हेच लपवतात, आणि कागदावर "घरी सगळं ठीक आहे" अशी नोंद होते. एकदा ती नोंद झाली की मदत लांबणीवर पडते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मदत मागा, ताई. याच आठवड्यात मागा. आणि मिळेल ती मदत गोड मानून घेऊ नका, आईंना झेपेल, रुचेल, कळेल अशीच मागा.

फोनवर तुम्हाला जे ऐकवलं गेलं ते मला चांगलंच लागलं. "तुमच्या समाजात घरचेच करतात" हे वाक्य इथल्या दक्षिण आशियाई घरांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातंय. ते कौतुकासारखं वाटतं, पण त्याचा परिणाम असा होतो की दार उघडण्याआधीच बंद होतं. इंग्लंडमध्ये 'केअर ॲक्ट २०१४' नावाचा कायदा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे बिनपगारी सांभाळ करणाऱ्या माणसाला आधाराची गरज आहे असं दिसलं, की त्याची स्वतंत्र पाहणी करणं कौन्सिलला बंधनकारक आहे. याला 'केअरर्स असेसमेंट' म्हणतात. तुम्ही किती तास करता, तुमची मिळकत किती, तुमचा समाज कोणता, यावर ती नाकारता येत नाही. सासूबाईंच्या गरजांची पाहणी वेगळी, कलम ९ खाली. दोन्ही मागा, आणि ईमेलने मागा. फोनवर बोललेलं हवेत जातं. ईमेलला तारीख असते.

पाहणीला माणूस येईल त्या दिवशी कृपा करून घर आवरू नका. मी हे गंभीरपणे सांगतेय. चहा-बिस्किटं, स्वच्छ चादर, आईंना नेसवलेलं चांगलं लुगडं, आणि "कसं चाललंय?" या प्रश्नावर आपलं ठरलेलं "चालतंय, होतंय". मग तो अधिकारी "चालतंय" असंच लिहून घेणार. त्याऐवजी आधी आठवडाभर एका वहीत टिपून ठेवा: रात्री किती वाजता उठल्या, किती वेळा कपडे बदलावे लागले, तुम्ही सलग किती झोपलात, कोणत्या दिवशी जेवायचं राहून गेलं. सगळ्यात वाईट दिवस कसा असतो ते सांगा. हात उगारल्याचंही सांगा. तुमचं इंग्रजी चांगलं असलं तरी मन मोकळं करायला मराठी हवं असेल तर दुभाषी मागा.

दुभाष्याचं आईंच्या बाबतीत तर फारच महत्त्वाचं. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बहुतेकदा आधी निसटते आणि लहानपणची मागे राहते, त्यामुळे आईंचं इंग्रजी गेलं यात तुमची काही चूक नाही. दवाखान्यात दुभाषी एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, मोफत द्यायचा असतो, आणि ते काम घरच्यांकडून करून घेऊ नये अशीच अपेक्षा आहे. सुनेने सासूला "तुम्हाला लघवी कळते का?" असं डॉक्टरसमोर विचारायचं आणि सासूने खरं उत्तर द्यायचं, हे आपल्या घरात होत नाही. मेमरी क्लिनिकमध्ये पुन्हा तपासणी होईल तेव्हा 'रुडास' नावाच्या, डिमेन्शिया तपासण्याच्या चाचणीबद्दल विचारा. वेगवेगळ्या भाषांच्या आणि शिक्षणाच्या माणसांसाठी ती ऑस्ट्रेलियात तयार झाली.

आता जेवण आणि आंघोळ. हे दोन मुद्दे लिहिताना तुम्ही जरा संकोचलात असं वाटलं, जणू हे नखरे आहेत. तसं अजिबात नाही. जन्मभर शाकाहारी राहिलेल्या बाईपुढे हॅम ठेवणं म्हणजे तिला उपाशी ठेवणं. नऊवारीत वाढलेल्या बाईला परपुरुषाने आंघोळ घालणं ही तिच्या दृष्टीने विटंबना आहे, आणि आजारामुळे तिला ते सांगताही येत नाही, म्हणून ती किंचाळते. केअर होम आणि घरी येणाऱ्या एजन्सीज ज्या नियमांखाली चालतात, त्यांत धर्म आणि संस्कृतीनुसार आहार सांभाळण्याची अट लिहिलेली आहे. आंघोळीला बाईच हवी ही मागणीही रास्त आहे. डे सेंटरला आहाराचा तो नियम थेट लागू नसेल, पण आईंचा काळजी-आराखडा कौन्सिल बनवणार आहे. त्यात "शाकाहारी, अंडंही नाही", "शारीरिक काळजीला फक्त स्त्री", "मराठी किंवा निदान हिंदी बोलणारी" हे शब्द लिहून घ्या. आराखड्यात लिहिलेलं नसलं की नवा माणूस येतो आणि पुन्हा तेच घडतं.

यासोबत एक कागद तयार करा. अल्झायमर्स सोसायटीचा 'धिस इज मी' नावाचा छापील नमुना मिळतो, रुग्णालयांतही तो चालतो. त्यात माणसाची ओळख लिहायची असते. "आवडते पदार्थ: भात" एवढ्यावर थांबू नका. आंघोळीशिवाय त्या तोंडात काही घालत नाहीत. एकादशीला साबुदाणा, वरी, शेंगदाण्याची आमटी. कपाळाला कुंकू नसलं की अस्वस्थ होतात, किंवा सासरे गेल्यापासून लावत नाहीत, जे असेल ते. कुणी "आजी" म्हटलं की हसतात, पहिल्या नावाने हाक मारली की गप्प होतात. हरिपाठ लावला की शांत बसतात. परकी बाई घरात आली आणि तिला एवढं माहीत असलं, तर पहिल्या दिवसाची निम्मी झटापट टळते.

मराठी बोलणारी मदतनीस मिळणार कुठून? इथे आपण खरी अडचण मान्य करू. गुजराती आणि पंजाबी मंडळी या देशात संख्येने जास्त आहेत, एकेका भागात वसलेली आहेत, आणि त्यांची मंदिरं-गुरुद्वारे त्यांच्या वृद्धांना धरून असतात. आपण थोडे आणि विखुरलेले. कौन्सिलच्या फॉर्मवर आपण 'एशियन, इंडियन' या एका चौकटीत जातो, आणि त्या चौकटीत मराठी कुठे दिसत नाही. मराठी एजन्सी शोधत बसलात तर वर्ष जाईल. त्यापेक्षा 'डायरेक्ट पेमेंट' मागा. आईंसाठी मंजूर झालेली रक्कम कौन्सिल थेट देतं आणि माणूस तुम्ही निवडता. ओळखीतली एखादी मराठी, कोकणी, गुजराती बाई आठवड्यातून चार दिवस सकाळी आली, तिने आंघोळ घातली, वरणभात भरवला, दोन गोष्टी बोलली तर काम झालं. तुम्ही त्याच घरात राहता, म्हणून त्या पैशातून तुम्हाला पगार घेता येत नाही, काही अपवाद सोडले तर. आणि बाईला नोकरीवर ठेवलं की विमा, पगारपत्रक, रजा हे सगळं कायदेशीर करावं लागतं. त्यासाठी कौन्सिलकडून मदत मिळते, ती घ्या. हातात रोख देऊन काम करून घेण्याचा मोह टाळा.

या मदतीसाठी आईंची आर्थिक तपासणी होईल. त्यांची बचत ठरलेल्या मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये २३,२५० पौंड) वर असेल तर खर्च त्यांना स्वतः करावा लागतो. तुमच्या यजमानांचा पगार त्यात धरत नाहीत. मुलगा कमावता आहे म्हणून अर्जच न करणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

डे सेंटरही कायमचं बाद करू नका. जवळपास गुजराती किंवा पंजाबी वृद्धांचं केंद्र असेल तर आधी तुम्ही एकट्या जाऊन जेवणाच्या वेळेला बसून बघा. तिथे मराठी नसेल, पण डाळ-रोटी असेल, भजन असेल, साडी-सलवारातल्या बायका असतील. ब्रॅडफर्डमध्ये 'मेरी यादें' ही संस्था दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या डिमेन्शियावरच काम करत आली आहे. ती तुमच्यापासून लांब आहे, पण असं काम या देशात होतं हे तुमच्या कौन्सिलला दाखवायला उपयोगी पडेल.

पैशांबद्दल तुम्ही लिहिलंय, "तशीही घरीच असते." ताई, हेच कारण देऊन एका सरकारने लाखो बायकांना डावललं होतं. घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांसाठीचा भत्ता १९७६ साली सुरू झाला तेव्हा विवाहित स्त्रियांना तो मिळत नव्हता. त्या घरी असणारच, मग भत्ता कशाला, असा विचार. जॅकलिन ड्रेक नावाच्या बाईने अपंग आईला सांभाळायला नोकरी सोडली होती. ती हे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत घेऊन गेली आणि १९८६ साली जिंकली. त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, मेरी वेबस्टर या धर्मोपदेशिकेने वर्तमानपत्राला पत्र लिहून आईवडिलांसाठी नोकरी सोडणाऱ्या एकट्या मुलींची अवस्था मांडली. त्या पत्राला आलेल्या उत्तरांतून उभी राहिलेली चळवळ आज 'केअरर्स यूके' म्हणून ओळखली जाते. तेव्हा सांभाळ ही जगभर घरच्या बाईच्याच गळ्यात घातलेली गोष्ट आहे, आपली खास मराठी परंपरा नव्हे. आणि आज 'केअरर्स अलाउन्स' म्हटल्या जाणाऱ्या त्या भत्त्यावर तुमचाही हक्क आहे.

आधी आईंसाठी 'अटेंडन्स अलाउन्स'चा अर्ज करा. पेन्शनच्या वयाच्या पुढच्या, मदतीची गरज असलेल्या माणसाला तो मिळतो. बचत किंवा मिळकत बघत नाहीत. २०२५-२६ या वर्षाचे दर आठवड्याला ७३.९० आणि ११०.४० पौंड. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा लक्ष द्यावं लागत असेल तर वरचा दर, म्हणून रात्रीची वही इथेही कामाला येईल. तो मंजूर झाला की तुम्ही 'केअरर्स अलाउन्स' मागू शकता. अट अशी की आठवड्याला किमान ३५ तास सांभाळ. तुमचे त्याहून कितीतरी जास्त होतात. त्याच वर्षाचा दर आठवड्याला ८३.३० पौंड. पण तुमच्या शाळेच्या पगारावर नजर ठेवा. कर वगैरे वजा जाता मिळकत ठरलेल्या मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये आठवड्याला १९६ पौंड) वर एक पौंड जरी गेली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो, आणि लक्षात आलं नाही तर नंतर वसुली येते. सुट्टीच्या दिवसांचे जादा तास घेण्याआधी हिशेब करा. या भत्त्याबरोबर तुमच्या पेन्शनसाठी नॅशनल इन्शुरन्सची (सरकारी पेन्शनच्या वर्गणीची) वर्षंही भरली जातात, आणि ५३ व्या वर्षी ते महत्त्वाचं आहे. कौन्सिल टॅक्सचंही, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराचंही, विचारा. डिमेन्शियामुळे आई आणि सांभाळ करणारी म्हणून तुम्ही, दोघी हिशेबातून वगळल्या गेल्या आणि यजमान एकटेच उरले, तर करात २५ टक्के सूट मिळते.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक इशारा. ज्यांचे आईवडील अलीकडे व्हिसावर आले आहेत, त्यांनी कुठलाही भत्ता मागण्याआधी इमिग्रेशनच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा, कारण व्हिसावर "सरकारी निधीचा आधार नाही" अशी अट असू शकते. सांभाळ करणाऱ्याची पाहणी मात्र त्या निधीत मोडत नाही. ती जरूर मागा.

रात्रीच्या कोल्हापूरबद्दल. "आपण लंडनला आहोत, कोल्हापूर लांब आहे" असं समजावत बसू नका. त्याने त्या घाबरतात. "कोल्हापूरला कोण वाट बघतंय, आई?" असं विचारा, बोलू द्या, पाणी द्या, "गाडीला वेळ आहे, तोवर बसू" म्हणा. हे खोटं बोलणं नव्हे. त्या जिथे आहेत तिथे जाऊन त्यांचा हात धरणं आहे. एखाद्या आठवड्यात हे अचानक फार वाढलं तर मात्र जीपीला कळवा. म्हाताऱ्या बायकांत लघवीचा संसर्ग असा अचानक गोंधळ घालतो. त्या दाराबाहेर पडण्याची भीती आहे, तर हरवलेल्या माणसाला लवकर शोधता यावं यासाठीचा पोलिसांचा 'हर्बर्ट प्रोटोकॉल' नावाचा फॉर्म भरून घरी ठेवा. फोटो, सवयी, नेहमीच्या जागा आणि "फक्त मराठी कळतं" हे त्यात लिहा. डिमेन्शिया यूके या संस्थेच्या 'ॲडमिरल नर्स', म्हणजे डिमेन्शियाच्या खास परिचारिका, फोनवर असे प्रसंग शांतपणे ऐकून घेतात आणि पुढे काय करायचं ते सांगतात.

तुमच्या पत्रात यजमान कुठेच नाहीत. नणंद आहे, मंडळ आहे, शाळा आहे. आई त्यांची आहे, ताई. आठवड्यातल्या तीन रात्री त्यांच्या, दार बंद करून झोपायच्या तुमच्या, एवढं आजच ठरवा. एप्रिल २०२४ पासून त्यांना नोकरीत वर्षाला एक आठवडा 'केअरर्स लीव्ह' मागता येते, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. बिनपगारी आहे, पण दवाखान्याच्या आणि कौन्सिलच्या भेटी त्यांनी त्या रजेत कराव्यात. पुण्याच्या फोनलाही त्यांनीच उत्तर द्यावं. नणंदबाईंना आईंची ओढ आहे यात शंका नाही, तर त्यांना काम द्या: रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर आईंशी अर्धा तास गप्पा, जुने फोटो, माहेरची नावं. तेवढ्यात तुम्ही बाहेर पाय मोकळे करून या. आणि त्या येऊ शकत असतील तर दोन-तीन महिने येऊन राहाव्यात, तुम्ही माहेरी जाऊन या.

मंडळाबद्दल मला थोडं रागावूनच लिहावंसं वाटतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. त्यानंतर इतकी मंडळं निघाली, गणपती बसतो, दिवाळी पहाट होते, मुलांच्या मराठी शाळा चालतात. पिढ्यान् पिढ्या इथे म्हाताऱ्या झाल्या. तरी सांभाळ करणाऱ्या सुनेला मिळतं काय, तर "भाग्यवान आहेस" हे वाक्य. सेवा म्हणून कौतुक करणाऱ्या बाईने शनिवारी दोन तास येऊन आईंजवळ बसावं. हे तुम्ही तोंडावर मागा. "जमलं तर कधीतरी या" असं नको, "पुढच्या शनिवारी दहा ते बारा याल का?" असं विचारा. चारजणींनी मिळून महिन्यातले चार शनिवार वाटून घेतले तर कुणालाच जड जात नाही. येताना भजनाची वही आणावी, आईंना कदाचित पुढची ओळ आठवेल. आणि हे तुमच्या एकटीसाठी होत नाही. ज्या मंडळात तुम्ही आहात तिथे अशी आणखी घरं नक्की असतील, ती तुमच्यासारखीच गप्प आहेत. कमिटीला लिहा की महिन्यातून एक दुपार वृद्धांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ठेवा, साधा वरणभात, दोन खोल्या: एका खोलीत आजी-आजोबा, दुसऱ्या खोलीत आपण. ओळीने तीन-चार महिने झालं की कौन्सिलकडे त्यासाठी अनुदान मागायलाही तोंड राहतं. कमिटीने टाळाटाळ केली तर मला कळवा, मी या सदरातून मंडळांना उघड पत्र लिहीन.

उद्या सकाळी शाळेत जाण्याआधी कौन्सिलच्या प्रौढ-काळजी विभागाला तो ईमेल पाठवा. मजकूर एवढाच पुरे: "मी माझ्या ८४ वर्षांच्या सासूबाईंना सांभाळते, त्यांना डिमेन्शिया आहे, मला केअर ॲक्टखाली केअरर्स असेसमेंट हवी आहे आणि त्यांच्या गरजांचीही पाहणी हवी आहे. मराठी दुभाषी लागेल. मी थकले आहे आणि मला भीती वाटते की माझ्याकडून त्यांना इजा होईल." शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच दिवशी जीपीकडे फोन करून सांभाळ करणारी म्हणून तुमची नोंद करायला सांगा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या तब्येतीकडेही कुणीतरी बघेल. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच ईमेल पुन्हा पाठवा, या वेळी तुमच्या नगरसेवकाला प्रत लावून, आणि मलाही एक प्रत धाडा.